हालायचं नाही

‘आपण गरोदर आहात का?’ या प्रश्नापुढच्या ‘नाही’वर हेमकांतनं इतक्या झटकन खूण केली की ममताला प्रश्न पुरता वाचताही आला नाही. फॉर्म तिचा, डोकं तिचं, आत जाऊन निजायचं तिनं, आणि कागद मात्र याच्या मांडीवर. वय एकतीस. वजन एकसष्ट, तेही अंदाजानं, समोर वजनकाटा ठेवलेला असताना. छातीत यंत्र नाही, हाडात प्लेट नाही, गरोदर नाही, कसली ॲलर्जी नाही, चालू औषधं नाहीत. नाही, नाही, नाही. पेन भराभरा खाली उतरत गेलं. तिनं हात पुढे केला. “मले देखू तं द्या.” त्यानं मान वर न करताच सांगितलं, “काय देखनं त्यामा? मले बठ्ठं मालूम शे. तू आठे सही कर.” तिनं सही केली. सात वर्षांच्या संसारात जेवढे म्हणून तिचे कागद झाले, त्या सगळ्यांवर तिच्या वाट्याला तळाची सही तेवढी आली होती.

आणि ही खेप काही पहिली नव्हती. तिसरी. पहिल्या खेपेला विसरवाडीहून पहाटेची बस धरून, खांडबाऱ्यावरून हाडं खिळखिळी करून घेत नंदुरबारला पोचले, तर एमआरआयच्या मशीनचा एसी बंद. दुसऱ्या खेपेला मशीन चालू, पण रक्ताच्या तपासणीचा कागद घरी राहिलेला. किडनी ठीक आहे असा कागद असल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत म्हणे. आधी सांगायला यांची जीभ झडली होती का? त्या दिवशी परतताना हेमकांत बसमध्ये तिच्यावरच चिडला होता, जणू कागद तिनं मुद्दाम चुलीत घातला. आज कागद होता, एसी चालू होता, पोट चार तासांचं रिकामं होतं आणि छातीत जळजळत होतं. एरवी सकाळी उठल्या उठल्या तो कोमट पाण्याचा पेला आणि गॅसची गोळी पुढे करायचा. आज त्यानंच अडवलं. “आते काहीच नको. फोटो काढी झाला का मंग ले,” म्हणाला आणि पट्टीच तिच्या पर्समध्ये टाकली. एवढ्या बाबतीत माणूस मोठा काळजीचा. बाहेर जानेवारीचं ऊन आणि गावभर मिरचीचा झोंबरा खाट. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती आणि वारा तो ठसका उचलून थेट इथल्या वेटिंग रूमपर्यंत आणत होता. दर दोन मिनिटांनी कुणी तरी खोकायचं. नंदुरबारच्या माणसांना त्याचं काही नाही, पण तिचा घसा पार सोलवटून निघाला होता.

आज मंगळवार. रविवारी धानोऱ्याला, सासूच्या घरी बैठक. ही बैठक तिला गेल्या महिन्यात कळली, तीही आडून. सासूनं, दगूबाईनं, विसरवाडीला मुक्कामी आली असताना फोनवर कुणाला तरी सांगितलं आणि पलीकडच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या ममतानं ऐकलं. चार नातेवाईक बसणार, शहाद्याहून तिच्या भावाला, अमृतला बोलावणार, आणि फारकतीचं बोलणं काढणार. फारकत म्हणजे कोर्ट नाही, कचेरी नाही. पाच जणांसमोर एक कागद, पोरीचं आंदण टेम्पोत, पोरगी माहेरी. दोघं मोकळे. तिनं त्याच दिवशी हेमकांतला गाठून विचारलं होतं, हे खरं शे का? तो दुकानाचं शटर वर करता करता म्हणाला, “रिपोर्ट येऊ दे, मंग देखसूत.” हो नाही, नाही नाही. देखसूत! शटरचा खडखडाट संपला तेव्हा त्याचं बोलणंही संपलेलं होतं. आईला नको म्हणण्याचं धाडस या माणसात नव्हतं आणि बायकोला जा म्हणण्याचंही नव्हतं, म्हणून त्यानं सगळं मशीनवर ढकलून दिलं होतं. त्या मशीननं सांगावं, ममतानं राहावं की जावं.

“ममता पाटील कोण? या बाई, आत या,” म्हणत एक सावळी, ठेंगणी बाई दारात आली. छातीवरच्या बिल्ल्यावर धनुबाई लिहिलेलं. कपडे बदलायच्या खोलीत तिनं ममताच्या हातात फिका निळा गाऊन आणि एक मोठं पाकीट दिलं. “लोखंड, चांदी, सोनं, पीन, आकडे, जे काय असेल ते यात. मशीन ओढून घेतं.” ममता काढत गेली. मंगळसूत्र. कानातलं. नाकातल्या फुलीचा आटा फिरता फिरेना तो धनुबाईनं तेलाचं बोट लावून फिरवला. साडीच्या पिना निघाल्या सात, त्यातल्या चार पिना काही टोचून ठेवायच्या नव्हत्याच, लागतील म्हणून पदराला लावून ठेवलेल्या. जोडवी निघाली तेव्हा बोटांवर पांढरे वळ दिसले. इतकं सगळं उतरवल्यावर आपण कोण उरलो, असं काहीतरी तिच्या मनात यायला लागलं होतं, तेवढ्यात धनुबाईनं हातातली दांडी तिच्या अंगावरून फिरवली आणि कमरेशी ती टीं टीं करून ओरडली. ममताचा हात कमरेवर गेला. तांब्याचा ताईत. काळ्या दोऱ्यात, परकरच्या नाडीखाली. दगूबाईनं गेल्या वर्षी कुणा भगताकडून आणून स्वतःच्या हातानं बांधला होता आणि शपथ घातली होती, पोर होईस्तोवर सोडशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. आंघोळीतही तिनं तो सोडला नव्हता. “काढावाच लागेल का?” तिनं विचारलं. “लागेल ना, बाई. आत गरम होईल, चटका देईल.” “पण सासूबाईंनी...” धनुबाईनं एकवार तिच्याकडे पाहिलं. “आमच्या मोलगी गावाकडेबी बांधतात,” ती म्हणाली. “मलाबी बांधला होता. पोरं झाली ती झाली, त्याच्यानं झाली का कशानं, देवाला ठाऊक. कापू का सोडू?” ममतानं परकराची नाडी बाजूला केली. मग म्हणाली, “कापा.” कात्री लागल्याबरोबर कमरेभोवती एकदम मोकळं वाटलं, आणि त्या मोकळं वाटण्याचाच तिला राग आला.

गाऊन घालताना तिनं पाठ फिरवली. ब्लाउजच्या आत दोन बाजूंना घडी करून ठेवलेले दोन हातरुमाल होते, ते तिला धनुबाईला दाखवायचे नव्हते. पण बाईच्या नजरेतून काय सुटतंय! तिनं काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, “ते राहू दे हवं तर. कापडच आहे.” एवढ्याशा बोलण्यानं ममताचे डोळे भरून आले. आठ महिने झाले, ते रुमाल ती रोज घडी करायची, रोज रात्री हेमकांतची नजर चुकवून धुवायची. नणंदेच्या, काजलच्या पोराचं बारसं होतं धानोऱ्याला, तेव्हापासून. अंगण बायकांनी भरलेलं. पाळण्याखालून पोर द्यायचं-घ्यायचं, त्यासाठी सवाष्णी पुढे झाल्या, ममताही झाली, तर दगूबाईनं सगळ्यांदेखत तिच्या मनगटाला धरून मागं ओढलं. “तू ऱ्हाऊ दे माय. तू चहानं देख.” ममता चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभी राहून दात-ओठ खात साखर घालत होती, तेवढ्यात बाहेर ते पोर रडायला लागलं, आणि तिच्या छातीतून एक कळ आली नि ब्लाउज ओला झाला. तिनं खाली पाहिलं. दोन डाग. तिला आधी वाटलं, चहा सांडला. मग कळलं. सात वर्षांत जिची कूस उजवली नाही, दोन वर्षांपासून जिची पाळी धड येत नव्हती, तिला दूध आलं होतं. बाहेर बायका हसत होत्या. तिनं पदर छातीवर दोन वेळा गुंडाळला आणि सगळ्यांना चहा दिला. कुणाला सांगणार हे? कसं सांगणार? त्या रात्री तिला हसूही आलं होतं आणि आपल्याला वेड लागतंय की काय असंही वाटलं होतं. देवाला द्यायचंच होतं तर अर्धं कशाला दिलं?

चार महिने तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग हेमकांतला सांगितलं. तो गोंधळला, पण दुसऱ्याच दिवशी तिला नंदुरबारच्या लेडी डॉक्टरकडे घेऊन आला, हेही खरं. त्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. दूध आणणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, पंचविसाच्या आत पाहिजे, ते एकशे अठरा निघालं. डोक्यात, नाकाच्या मुळाच्या मागं, वाटाण्याएवढी एक पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यात बारीक गाठ असली की असं होतं, पाळी जाते, दिवस राहत नाहीत, गोळ्यांनी बरं होतं, घाबरायचं कारण नाही, आधी एमआरआय करू. डॉक्टरबाई ममताकडे बघून बोलत होत्या, पण खुर्ची पुढे ओढून बसला होता हेमकांत. “आणखी काही औषधं चालू आहेत का?” असं त्यांनी विचारलं तर हाच पटकन म्हणाला, “नाही मॅडम, काहीच नाही. मी स्वतः मेडिकलवाला आहे.” आणि त्या दोघांचं मग औषधांच्या कंपन्यांविषयी बोलणं सुरू झालं. विसरवाडीच्या फाट्यावर हायवेला त्याचं दुकान होतं. ट्रकवाले त्याला डॉक्टरच म्हणत, आणि तोही कधी ‘मी डॉक्टर नाही’ म्हणत नसे. दगूबाईला एमआरआयचं कळलं तेव्हा ती फोनवर फणकारली होती, “दुखनं पोटनं, नि फोटू डोकाना? आसं कोठे व्हस का?” पण त्या दिवसापासून ममताच्या मनानं एक वेगळीच वाट धरली. कुणाला सांगायची सोय नव्हती अशी.

“डोकं इथं ठेवा, ताई. खांदे सैल. आता चेहऱ्यावर पिंजरा येईल, घाबरू नका.” टेक्निशियननं कानात बोळे घातले, वर पांढरी जाळी बसवली, हाताला सुई लावून ठेवली आणि दुसऱ्या मुठीत रबरी फुगा दिला. “अगदीच सहन झालं नाही तर दाबा. पण हालायचं नाही. खोकायचं नाही. थुंकीपण गिळू नका मधे मधे. अर्धा-पाऊण तास.” पाठीखालची फळी सरकली आणि ती त्या नळीत गेली. नाकापासून चार बोटांवर पांढरं छत. तिनं डोळे मिटले. हालायचं नाही! तिला आत पडल्या पडल्या संतापानं हसू यायला लागलं. हे सांगायला मशीन कशाला पाहिजे होतं? सासरी आल्यापासून दुसरं केलं काय तिनं? डीएड झालेली पोरगी, नोकरीचा कॉल आला होता अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेचा, तेव्हा ‘दोन वर्षं थांब, आधी घरचं होऊ दे’ म्हणाले, थांबली. उपास कर म्हणाले, केले. सोमवार केले, गुरुवार केले, चतुर्थ्या केल्या. अमक्या डॉक्टरकडे चल, चल. तमक्या देवाला चल, चल. पाय दुमडून बस, डोकं टेकव, अंगारा खा. तेवढ्यात मशीननं आवाज सुरू केला. टक टक टक टक, मग एकदम डिर्रर्र, मग कुणी पत्र्यावर हातोडा घालतंय असं. दातांपर्यंत हादरा बसत होता. त्या आवाजात तिनं मनातली ती चोरटी गोष्ट उघडपणे म्हटली, ओठ न हलवता. गाठ असू दे.

होय, असू दे. देवा, असू दे गाठ. मोठी नको, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तुरीच्या डाळीएवढी. फोटोत दिसेल एवढी. लोक गाठ नको म्हणून नवस करतात आणि ही बया गाठ दे म्हणून! पण गाठीला नाव असतं. गाठीचा फोटो असतो. फोटोवर बाण काढून दाखवता येतं, ही बघा, सासूबाई, पंचमंडळी, ही इथं आहे, ममताच्या वागण्यात नाही, नशिबात नाही, पायगुणात नाही. या गाठीला गोळी आहे. गोळी खाल्ली की वर्षभरात सगळं सुरळीत. मग दगूबाई काय बोलणार? आणि गाठ नसली तर? गाठ नसली तर रविवारी अमृत खाली मान घालून बसणार, त्याची बायको मनातल्या मनात खोल्या मोजणार, आणि ममताचं कपाट, गाद्या, मिक्सर सगळं टेम्पोत चढणार. ती डोळे मिटून त्या वाटाण्याएवढ्या जागेकडे बघायचा प्रयत्न करत होती, नाकाच्या मुळामागं. असशील ना गं तिथं? तिच्या घशात मिरचीचा तो ठसका हळूहळू वर यायला लागला. तिनं दाबला. थुंकी गिळायची नाही. तो आणखी वर आला. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. टक टक टक टक. आणि ती खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. आवाज बंद झाला. स्पीकरमधून टेक्निशियन वैतागून म्हणाला, “ताई, काय हे! सांगितलं होतं ना? सहा मिनिटांचं सगळं वाया गेलं. परत करावं लागेल.” तिला ओरडावंसं वाटलं की अरे बाबा, अख्खं गाव मिरचीत बुडालंय, मी काय मुद्दाम करते? पण बोललं तर पुन्हा हालणार.

परत टक टक. परत डिर्रर्र. मग तो म्हणाला, आता इंजेक्शन, हात गार लागेल. हात गार लागला, कोपरापासून खांद्यापर्यंत, आणि जिभेवर तांब्याची चव आली. उपाशी पोटी ती चव नकोशी वाटली आणि जळजळ एकदम घशाशी आली. हीच जळजळ. उपासांनीच लावली ती. पाच वर्षांपूर्वी, सोळा सोमवार चालू असताना, एकदा ती दुकानात बसल्या बसल्या ओकली होती. दगूबाईचे डोळे लकाकले होते त्या दिवशी, दिवस गेले म्हणून. कसले दिवस! पित्त. हेमकांतनं त्याच दिवशी फळीवरून एक पट्टी काढली आणि पाणी दिलं. बरं वाटलं तिला. दुसऱ्या दिवशी त्यानं परत दिली. मग रोजचंच झालं. लग्नाचा वाढदिवस तो विसरला, तिच्या बापाचं वर्षश्राद्ध विसरला, पण सकाळी दुकान उघडायच्या आधी “गोळी लिधी का?” हे विचारायला पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही. भांडण असलं तरी विचारायचा. बोलणं बंद असलं तरी पेला आणि गोळी ओट्यावर ठेवून जायचा. त्या एका वाक्यावर तिनं किती दिवस ढकलले होते! रात्री मनात यायचं, उठावं आणि सरळ शहाद्याची बस धरावी, आणि सकाळी तो कोमट पाणी घेऊन उभा राहायचा. माणूस वाईट नाही, असं ती स्वतःला सांगायची. आताही नळीत पडल्या पडल्या तिनं सांगितलं. वाईट नाही, फक्त आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही. गाठ निघाली तर उघडेल. फोटो हातात असला की उघडेल.

ती बाहेर आली. कपडे घातले, पाकीट तसंच धनुबाईच्या हाती राहिलं, कारण मॅडमनी दोघांना लगेच आत बोलावलंय असा निरोप आला. लगेच का? रिपोर्ट उद्या मिळतो म्हणाले होते. लगेच बोलावलं म्हणजे काहीतरी आहे. ममताच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम बसल्या होत्या, समोरच्या पडद्यावर एक डोकं उभं चिरलेलं दिसत होतं. “हे माझं?” तिनं विचारलं. “तुमचंच. बसा.” हेमकांत आधीच बसला होता. मॅडमनी एका ठिपक्यावर पेन टेकवलं. “ही तुमची ग्रंथी. आकार चांगला, आतून एकसारखी, इंजेक्शननंतरही कुठं डाग नाही. गाठ अजिबात नाही. अगदी नॉर्मल.” हेमकांतनं हात जोडले. “देवनी किरपा,” तो पुटपुटला. ममता त्या ठिपक्याकडे बघत राहिली. नॉर्मल! पाऊण तास हालायचं टाळलं, दुसऱ्या फेरीत खोकलाही गिळला, ताईत कापला, आणि तिथं काही नाही. म्हणजे सगळं तिचंच. तिला रडावंसं वाटत होतं आणि हा हात जोडून बसला होता.

“पण मग मला एक कळत नाही,” मॅडम फॉर्म उलटसुलट करत म्हणाल्या, “म्हणूनच बोलावलं. गाठ नाही तर प्रोलॅक्टिन एवढं वाढलं कशानं? औषधं काही चालू नाहीत, असं लिहिलंय तुम्ही.” “नाही ना, मॅडम,” हेमकांत म्हणाला. “काहीच नाही. मी स्वतः मेडिकल...” इकडे ममताच्या घशात आंबट पाणी येत होतं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं सवयीनं पर्समध्ये हात घातला, पट्टी चाचपली आणि अंगठ्यानं एक गोळी फोडली. त्या शांत खोलीत कागदाचा टच्च आवाज झाला. मॅडमनी वर पाहिलं. “ते काय घेताय?” ममता ओशाळली. “हे? हे काही औषध नाही, मॅडम. गॅसची गोळी आहे. रोजची.” “रोजची?” मॅडमनी हात पुढे केला, पट्टी दिव्याखाली धरली, मागची बारीक अक्षरं वाचली. मग पट्टी परत देऊन चष्मा काढला. “किती दिवस घेताय?” “पाच वर्षं.” “पाच दिवस म्हणायचंय ना तुम्हाला?” “नाही. पाच वर्षं. एकही दिवस चुकला नाही.” हे सांगताना अजूनही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो तिचा तिलाच ऐकू आला.

मॅडम हळू बोलल्या. या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात. एक आम्ल कमी करतं, ते ठीक. दुसरं पोटातलं अन्न पुढं ढकलतं, आणि त्या दुसऱ्यानं प्रोलॅक्टिन वाढतं. पुष्कळ वाढतं. दूध येतं, पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. चार-दोन आठवड्यांसाठी द्यायचं औषध आहे ते. “आधी हे बंद. महिन्यानं रक्त तपासा. बहुतेक आपोआप खाली येईल. बाकी तुमच्या डॉक्टर सांगतील, मी त्यांना फोन करते. पण हे तुम्हाला दिलं कुणी?” ममतानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याला हे नवीन नव्हतं. कधीतरी कॉलेजात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, विसरलेलं काहीतरी त्याला आत्ता आठवत होतं, आणि ते आठवताना ती त्याला बघत होती. तिला दुपारचं दुकान आठवलं. तो जेवायला आत गेला की ती गल्ल्यावर बसायची. सुट्या गोळ्यांसाठी पुड्या बांधायला तो खोक्यातले ते बारीक इंग्रजी अक्षरांचे कागद जपून ठेवायचा. त्याच गोळीच्या खोक्यातले कागद. तिनं शेकडो पुड्या बांधल्या होत्या त्यांच्या. एकदाही वाचलं नव्हतं. ते तिचं काम नव्हतं, ते त्याचं होतं.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. मधे एका माणसाची जागा सोडून. धनुबाईनं पाकीट आणून दिलं, ताईत वेगळा हातात धरलेला. “याचं काय करू?” “तुम्हीच टाका कुठंतरी,” ममता म्हणाली. तिनं जोडवी घातली, कानातलं घातलं, फुली मुठीत धरून बसली. काय वाटत होतं तिला? आनंद झाला पाहिजे होता. मोकळं वाटलं पाहिजे होतं. पण सगळ्याच्या आधी राग येत होता, नखशिखांत, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पाण्याच्या पेल्यावर काढू? मुलासाठी उपास, उपासानं पित्त, पित्तावर गोळी, गोळीनं मूल नाही, मूल नाही म्हणून परत उपास! पाच वर्षं हे चाक फिरत होतं आणि प्रत्येक वळणावर तीच खाली. “मले ध्यानमाच नही इनं,” हेमकांत जमिनीकडे बघत म्हणाला. “गॅसनी गोळी म्हनजे... कोन लिखस ते औषधमा? बठ्ठाच लेतस.” खरंच होतं ते. तिनंही कुठं लिहिलं असतं? पण फॉर्म तिच्याकडे दिलाच कुणी होता?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दगूबाई. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती फोनवर ओरडायची. स्पीकर लावायची गरजच नसे. “काय रे, निंघनी का गाठ?” “नही माय,” तो म्हणाला. “फोटो चांगला इना. गाठ-बीठ काहीच नही.” “मंग!” पलीकडचा आवाज चढला, वेटिंग रूममधली दोन-चार डोकी वळली. “मंग मी काय सांगी ऱ्हायंतू? डोकामा काहीच नही, तं तिन्हामाच खोट शे. रविवारले अमृतले सांगी दे, टेम्पो लई ये.” ममता हेमकांतच्या तोंडाकडे बघत होती. आता. आता बोलेल. फोटोची वाट पाहत होता ना? फोटो झाला. त्याचे ओठ हालले, बंद झाले. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या वजनकाट्याकडे. “ऐकी ऱ्हायना का?” दगूबाई ओरडली. “हा,” तो म्हणाला. “ऐकी ऱ्हायनू.” बाहेरून मिरचीचा वारा आला, कुणीतरी खोकलं. ममतानं त्याच्या हातातून फोन घेतला. त्यानं सोडला.

“आई, मी बोली ऱ्हायनू, ममता. खोट सापडनी. मन्हामा नव्हती. आपला दुकानमा व्हती. पाच साल तुमना पोऱ्याना हातथीन मीच खाई ऱ्हायंतू. बैठक होऊ द्या. मी बी येसू.” पलीकडे काय, काय, काय म्हणते, असा आवाज चालू होता. तिनं फोन बंद करून त्याच्या मांडीवर ठेवला, सकाळी जिथं फॉर्म होता तिथं. पर्समधून तिनं पट्टी काढली. नऊ गोळ्या शाबूत, एक फुटलेली. हेमकांतनं हात पुढे केला, घाईनं, जवळजवळ विनवणीनं. “दे ती इकडे. फेकी देस.” ममतानं पर्समधला जास्तीचा हातरुमाल काढला, धुतलेला, चौपदरी घडीचा, त्यात ती पट्टी नीट गुंडाळली आणि तळाशी ठेवून चेन ओढली. “राहू द्या,” ती म्हणाली. “रविवारले लागी.”